मिस्त्रींची दोरी आणि नऊ नंबरचा गोळा

संस्थेच्या तळघरात वर्कशॉप होतं आणि वर्कशॉपला खिडकी नव्हती. जिथे खिडकी असायला हवी होती तिथे भिंतीत एक खिळा होता, आणि खिळ्याला मनगटाएवढी जाड दोरी टांगलेली होती. नवा माणूस आत आला की आधी दोरीकडे बघायचा, मग छताकडे, मग मिस्त्रींकडे.

‘माझ्यासाठी नाही ती,’ मिस्त्री म्हणायचे. ‘अजून तरी.’

मिस्त्री हे त्यांचं आडनाव नव्हे. चौतीस वर्षांपूर्वी ते इथे स्टुलांचे पाय बसवायला आले आणि स्टुलं संपेपर्यंत थांबले. संस्थेत स्टुलं कधीच संपत नाहीत. वडील ओतकामाच्या कारखान्यासाठी लाकडी साचे करायचे. त्यांच्याकडून मिस्त्रींना वारशात एक पटाशी मिळाली आणि बोटांना डोळे असावेत तशी बोटं. एक दिवस वरच्या मजल्यावरचे म्हातारे प्रोफेसर जिना उतरून खाली आले, धाप लागलेली, आणि म्हणाले, ‘मला एक प्रोटीन बनवून द्या.’

‘सागाचं की प्लायचं?’ मिस्त्रींनी विचारलं.

प्रोफेसर इतके हसले की त्यांना बसायला स्टूल द्यावं लागलं. त्या स्टुलावर बसूनच त्यांनी मिस्त्रींना सगळं समजावलं, आणि मिस्त्रींना त्यातलं जेवढं समजलं तेवढं जन्मभर पुरलं. ते असं: प्रोटीन म्हणजे एक लांबलचक साखळी. ती आपल्याच अंगावर गुंडाळत गुंडाळत एक गोळा होते, खड्डेखुड्डे असलेल्या बटाट्यासारखा. शरीरात असे हजारो प्रकारचे बटाटे आपापल्या कामाला लागलेले असतात. त्यातले काही जण डीएनएला जाऊन चिकटतात, आणि मग डीएनएवरचं कुठलं काम चालू व्हायचं, कुठलं बंद, ते ठरतं. बाकीचे चिकटत नाहीत. गोळ्याच्या नुसत्या आकारावरून सांगता येईल का, हा चिकटणार आणि तो नाही? एवढाच प्रश्न. प्रोफेसर तो प्रश्न घेऊन जगले आणि तो तसाच ठेवून गेले.

दोरी म्हणजे डीएनए. प्रोफेसर असतानाच मिस्त्रींनी ती केली होती. दोन जाड रबरी नळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या, मधून तारेच्या पायऱ्या, एक रुंद खोबण आणि एक अरुंद खोबण, सगळं गोळ्यांच्याच मापात. पीळ उजवा, साध्या स्क्रूसारखा. पुढे लाकूड जाऊन मशीन आलं. आता तिसऱ्या मजल्यावरून कॉम्प्युटरची फाइल खाली यायची आणि पिठासारख्या पांढऱ्या भुकटीत मशीन थरावर थर चढवत अख्खा गोळा छापायचं, रंगासकट. जिथे धन विद्युतभार तिथे निळा, जिथे ऋण तिथे लाल. डीएनएच्या अंगावर ऋण भार, त्यामुळे त्याला ओढ निळ्याची. मिस्त्री गोळा भुकटीतून उकरून काढायचे, ब्रशने झाडायचे, पातळ गोंदात बुडवून कडक करायचे, आणि वर पाठवण्याआधी, कोणी सांगितलेलं नसताना, खिळ्यावरची दोरी काढून त्याच्या निळ्या खाचेत बसवून बघायचे.

मग वही. वहीत तीनच शेरे असत: ‘बसते’, ‘बसत नाही’, आणि ‘रडतखडत बसते’. तिसरा शेरा त्यांनी एकदा मेहुण्याच्या संसाराबद्दलही वापरला होता.

तिसऱ्या मजल्यावर हा प्रश्न आता सरांकडे आणि टक्केबाईकडे होता. सर म्हणजे म्हाताऱ्या प्रोफेसरांचे विद्यार्थी. उंच, वाकलेले, कायम कुणाची तरी ईमेल वाचत चालणारे. टक्केबाई त्यांच्याकडे पीएचडी करत होती. चार वर्षं खपून तिने एक प्रोग्राम लिहिला होता. त्याला गोळ्याचा आकार दिला की तो हा गोळा डीएनएला चिकटण्याची शक्यता किती टक्के ते सांगायचा. तेव्हापासून ती सगळंच टक्क्यांत बोलायची. ‘लिफ्ट बंद असण्याची शक्यता सत्तर टक्के.’ ‘चहात साखर जास्त असण्याची शक्यता ऐंशी टक्के.’

‘आणि लग्नाची?’ मिस्त्रींनी एकदा विचारलं होतं.

‘काका, त्याला पुरेसा डेटा नाही.’

आजवर एकसष्ट गोळ्यांची शेजारच्या इमारतीत खरीखुरी चाचणी झाली होती. प्रोग्रामचे चौपन्न बरोबर आले, दोरीचे बावन्न. दोन गोळ्यांचा फरक! मिस्त्रींच्या चपलेत जणू कायमचा खडा जाऊन बसला. पण सरांनी मोठ्या मनाने जाहीर केलं की जो शोधनिबंध निघेल त्यात एक वेगळा रकाना असेल, ‘दोरीचा निर्णय’, आणि खाली मिस्त्रींचं नाव. मिस्त्री वर्षअखेर निवृत्त होणार होते. त्या रकान्याबद्दल त्यांनी घरी इतक्या वेळा सांगितलं की बायको म्हणाली, ‘अहो, मला रकानाच म्हणा आता. तेवढ्यासाठी तरी बोलाल माझ्याशी.’

बायकोचा प्रश्न होता तिचे पाय. दुकानातली कुठलीही चप्पल तिला चावायची. नाक्यावरचा चपला शिवणारा म्हणाला, पायाचा बरोबर साचा आणून द्या, त्यावर बेतून देतो. साचा म्हटल्यावर मिस्त्रींच्या वडिलांचं रक्त उसळलं. एका रविवारी त्यांनी बायकोला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या डाव्या पायाचे मोबाईलने चारी बाजूंनी सत्तेचाळीस फोटो काढले. त्या फोटोंवरून कॉम्प्युटर आकार जुळवतो.

‘झालं?’

‘डावा झाला. आता उजवा.’

‘दूध ठेवलंय गॅसवर,’ म्हणून ती जी उठली ती उठलीच. मिस्त्रींनी विचार केला, पाय तो पाय. महिन्याच्या तीन तारखेला सकाळी लवकर येऊन त्यांनी डावा पाय छापला. मग मशीनच्या पडद्यावर दोन त्रिकोण एकमेकांकडे तोंड करून उभे असलेलं एक बटण असतं, आरशाचं, ते दाबलं आणि तोच पाय उलटवून उजवा म्हणून छापला. संस्थेची भुकटी घरच्या पायांसाठी वापरली, एवढी एकच बोच होती. ती त्यांनी चहाबरोबर गिळून टाकली.

त्यानंतर तीन गोळे आले. तिन्ही कसल्याशा प्रदर्शनासाठी, तिन्ही डीएनएशी घेणंदेणं नसलेले. दोरी तिन्हींत बसली नाही. बसणारच नव्हती. मिस्त्रींना मात्र आपला हात फॉर्मात असल्यासारखं वाटू लागलं.

आणि मग आला नऊ नंबर.

चाचणीच्या इमारतीला तिसऱ्या मजल्यावरचे लोक ओली लॅब म्हणत, कारण तिथे खरं पाणी, खऱ्या नळ्या आणि खरे हातमोजे असत. ओल्या लॅबच्या बाई वर्षातून एकदा सरांच्या गटाला बारा जागा द्यायच्या. बारा म्हणजे बारा. यादी गुरुवारी पाच वाजता बंद. टक्केबाईच्या यादीतले अकरा गोळे कुठल्या ना कुठल्या ओळखीच्या प्रोटीनचे लांबचे नातेवाईक होते. ते चिकटले असते तरी कोणी फारसं चमकलं नसतं. नऊ नंबर मात्र अनाथ होता. एका गरम झऱ्यातल्या जंतूमध्ये सापडलेला, कुळगोत नसलेला, कुणाशीच चेहरा न जुळणारा. त्याच्याबद्दल बोलणारी एकच गोष्ट होती, त्याचा आकार. आणि आकार बघून प्रोग्राम म्हणत होता, शहाण्णव टक्के. नऊ नंबर चिकटला तर आकारावरून सांगता येतं हे सिद्ध होणार होतं. त्याच्याशिवाय टक्केबाईची चार वर्षं म्हणजे नात्यावरून माणसं ओळखणं, जे कुठल्याही लग्नघरातली काकू करते.

सोमवारी मिस्त्रींनी नऊ नंबर झाडला, वाळवला आणि दोरी लावली. निळी खाच मस्त होती. रुंद, खोल, मऊ वळणाची. दोरी एका टोकाला टेकली की दुसऱ्या टोकाला उचलली जायची. फिरवून बघितली, उलटी धरून बघितली. कडेवर घेतलेलं पोर अंग ताठ करून निसटावं तशी ती सारखी निसटत होती.

मिस्त्री गोळा घेऊन स्वतः वर गेले. लिफ्ट बंद होती, तरी गेले.

‘बसत नाही,’ ते म्हणाले.

‘काका, शहाण्णव टक्के आहे.’

‘असेल. दोरीला टक्के वाचता येत नाहीत.’

‘थोडी तरी? रडतखडत?’

‘अगं, रडायलासुद्धा बसावं लागतं आधी. ही बसतच नाही.’

सर ईमेलमधून डोकं वर काढून आले. त्यांनी दोरी लावून बघितली, त्यांचीही निसटली. या महिन्यात चारात चार वेळा दोरीने नाही म्हटलंय आणि तीनदा तर ती नक्कीच बरोबर होती, हे मिस्त्रींनी हळूच सुचवलं. सरांनी हनुवटी खाजवली. त्यांचा स्वतःचा एक लाडका गोळा होता, तेरा नंबर, प्रोग्रामचे एक्क्याण्णव टक्के मिळवून यादीबाहेर ताटकळत उभा. ‘शंका असेल तर जागा वाया घालवू नये,’ सर म्हणाले. असा आवाज लोक दुसऱ्याच्या ताटातली जिलबी उचलताना काढतात. टक्केबाईने नऊ नंबर खोडला आणि तेरा लिहिला. खोडताना तिचं पेन कागदातून आरपार गेलं.

मिस्त्री जिना उतरले तेव्हा ते तीन मजले त्यांना पायाखाली जाणवलेच नाहीत. प्रोग्रामच्या शहाण्णव टक्क्यांना त्यांच्या दोरीने धूळ चारली होती. फक्त त्या पोरीचा चेहरा सारखा मधे येत होता. तो त्यांनी ब्रशने झाडावा तसा झाडून टाकला.

गुरुवारी सकाळी चपला आल्या. बायकोने डावी घातली, चार पावलं टाकली आणि तिचा चेहरा असा मोकळा झाला की मिस्त्रींनी लग्नानंतर पहिल्यांदाच आरशात स्वतःकडे कौतुकाने बघितलं. मग तिने उजवी घातली.

‘आई गं!’

‘काय झालं?’

‘काय झालं म्हणजे? इकडे बघा. हे हाड कुणाचं आहे?’ तिने उजवा पाय वर केला. अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढून गाठ आली होती, लिंबाएवढी, गेली दहा वर्षं. ‘या हाडाला जागा कुठाय? चपलेला माहीत नाही, ते सोडा. तुम्हालाही माहीत नाही?’

‘अगं, डाव्यावरूनच केला मी उजवा…’

‘डाव्यावरून उजवा! म्हणजे डाव्याला गाठ नाही म्हणून उजव्याला नाही? मग तुमच्या भावाला अक्कल आहे म्हणून तुम्हाला आहे असं धरायचं का मी?’

‘त्यात काय एवढं? एक बटण असतं. आरशाचं. दाबलं की…’

मिस्त्री तिथेच थांबले. तोंड उघडं, हात बटण दाबल्यासारखा हवेत.

‘दाबलं की काय?’

‘दाबलं,’ ते म्हणाले. त्यांचा आवाज तळघरातून आल्यासारखा येत होता. ‘आणि परत कुठे दाबलं?’

ते मशीन मागची सगळी बटणं लक्षात ठेवतं. तीन तारखेपासून त्याच्या पोटातून जे जे बाहेर आलं होतं ते सगळं आरशातलं होतं. नऊ नंबर आरशातला होता. त्याची खाच उलट्या पिळाची झाली होती, आणि तिच्यावर त्यांनी उजव्या पिळाची दोरी दाबून बघितली होती. ज्याचा जन्म नटबोल्टमध्ये गेला त्या माणसाने उजव्या आट्यांचा नट डाव्या आट्यांच्या बोल्टवर घातला, तो बसेना म्हणून बोल्टलाच नालायक ठरवलं, आणि एका पोरीची चार वर्षं खोडायला लावली.

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. ‘अहो, चप्पलच आहे. एवढे पांढरे पडू नका.’

साडेनऊला मिस्त्री वर्कशॉपमध्ये होते. दोन त्रिकोण अजूनही एकमेकांकडे बघत उभे होते, हिरवे, शांत, महिनाभर. मिस्त्रींनी ते विझवले आणि नऊ नंबर पुन्हा छापायला लावला. मशीनला पाच तास लागतात. त्या पाच तासांत माणसाने काय करावं याची सोय मशीन बनवणाऱ्यांनी केलेली नसते. मिस्त्रींनी एक स्टूल दुरुस्त केलं. मग चांगल्या असलेल्या दुसऱ्या स्टुलाचा पाय काढून परत बसवला.

आणि पाच तासांत मन काय काय सुचवतं! मन म्हणालं, दोरी बसली तर वर जाऊन एवढंच सांग, ‘पुन्हा निवांत बघितलं, थोडी बसते.’ बायकोचे पाय कशाला मधे? संस्थेची भुकटी कशाला मधे? रकाना राहील, नाव राहील, तीन महिन्यांनी हार घालून घरी. हे इतकं सरळ होतं की मिस्त्रींनी तालीमसुद्धा करून बघितली, खिळ्यासमोर उभं राहून. ‘पुन्हा निवांत बघितलं.’ खिळा काही बोलला नाही. पण मग त्यांच्या लक्षात आलं की निवांत बघून ज्याचं मत बदलतं त्याच्या वहीला काही अर्थ उरत नाही. वहीत चौथा शेरा नव्हता: ‘सोयीने बसते’.

तीनला गोळा तयार झाला. झाडला, गोंदात बुडवला, वाळवला. चार वाजता त्यांनी दोरी काढली. हाताला जोर द्यावाच लागला नाही. दोरी खाचेत उतरली आणि तिथे राहिली, जुन्या आरामखुर्चीत कोणी येऊन बसावं तशी. मिस्त्रींनी गोळा उचलला, दोरी बरोबर आली. हलवला, दोरी हलली पण पडली नाही. आजवर दोरी इतकी छान कुठेच बसली नव्हती. बराच वेळ ते ती तशी धरून उभे राहिले. जन्मभर ज्याची वाट बघितली तो पाहुणा आला होता, आणि तो आला होता यजमानाची अब्रू न्यायला.

ते वर गेले. एका हातात आरशातला नऊ, दुसऱ्यात खरा नऊ, गळ्यात दोरी. जिन्यात भेटलेल्या दोघांनी न विचारताच वाट दिली.

‘सर,’ ते म्हणाले, ‘मी उलटा छापला.’ आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. तीन तारीख, सत्तेचाळीस फोटो, गॅसवरचं दूध, दोन त्रिकोण. भुकटी किती वापरली तेही. काहीही गाळलं नाही, अंगठ्याची गाठसुद्धा नाही.

सर पहिल्यांदाच कुठलीही ईमेल न वाचता उभे होते.

‘काका,’ टक्केबाई हळू आवाजात म्हणाली, ‘मी सोमवारपासून झोपले नाहीये. मला वाटलं माझा प्रोग्राम खोटा आहे. मला वाटलं मी खोटी आहे. आणि ते काकूंच्या पायामुळे?’

‘तिच्या पायाचा दोष नाही. दोष माझ्या…’

‘तुमच्या कशाचा दोष आहे त्याची शंभर टक्के कल्पना आहे मला!’

मिस्त्रींनी मान खाली घातली. दोन्ही नऊ नंबर टेबलावर शेजारी शेजारी बसले होते, डावा आणि उजवा, घराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांसारखे. टक्केबाई त्यांच्याकडे रागाने बघत होती. बघता बघता तिचा राग कुठेतरी अडकला.

‘थांबा,’ ती म्हणाली.

ती कॉम्प्युटरवर बसली. नऊ नंबरची फाइल उघडली, तिला आरशात उलटवलं आणि तो उलटा गोळा, जो जगात कुठल्याच जंतूत नाही, ज्यावर दोरी कुणाच्याही हातून बसली नसती, तो प्रोग्रामला दिला. प्रोग्रामने क्षणभर विचार केला.

शहाण्णव टक्के.

‘याला डावं-उजवं कळत नाही,’ टक्केबाई म्हणाली. तिने ते दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ती हसायला लागली होती, आणि ते हसू फार काही बरं नव्हतं. ‘सर, मी याला अंतरं शिकवली. विद्युतभार शिकवला. खाच किती रुंद, किती खोल. आरशात यातलं काहीच बदलत नाही. पीळ मी शिकवलाच नाही. खाच कुठल्या दिशेला वळते ते याने चार वर्षांत एकदाही बघितलेलं नाही!’

‘माझ्या बायकोच्या पायालासुद्धा कळतं ते,’ मिस्त्री म्हणाले. कोणी हसलं नाही. मग सर हसले.

‘वीस मिनिटं आहेत,’ टक्केबाई घड्याळाकडे बघत म्हणाली. ‘नऊ परत घ्यायचा तर बारातला एक काढावा लागेल.’

सरांचं हसू मावळलं. ‘तेरा नको. तेराला एक्क्याण्णव आहेत.’

‘हे एक्क्याण्णव त्याच आंधळ्याने दिलेत, सर.’

मिस्त्रींनी खिशातून वही काढली. तेरा नंबर त्यांच्याकडे दोन महिन्यांपूर्वी आला होता, पायांच्या आधी, आरशाच्या आधी. त्यांनी पान उलटून वही टेबलावर सरकवली. सरांनी वाचलं: ‘तेरा. बसत नाही. निळं भरपूर, पण खाच उलट्या आट्यांची.’

‘हे तुम्ही मला सांगितलं का नाहीत?’

‘तुम्ही विचारलं नाहीत. आणि सोमवारी मी जिंकून निघालो होतो. मागे वळून कोण बघतो?’

सरांनी वहीकडे बघितलं, तेराच्या एक्क्याण्णवकडे बघितलं, पुन्हा वहीकडे. मग त्यांनी स्वतःच्या हाताने तेरा खोडला. एकुलता एक दात डॉक्टरांपुढे करावा तसा चेहरा होता त्यांचा. टक्केबाई यादी घेऊन धावली. मिस्त्रीही मागे धावले, का ते त्यांनाही कळलं नाही. गळ्यात अजून दोरी होती. ओल्या लॅबच्या बाई दाराला कुलूप लावत होत्या. त्यांनी आधी यादी बघितली, मग दोरी.

‘पाचला दोन मिनिटं आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘गळफास घ्यायची गरज नव्हती.’

चाचणीला सहा आठवडे लागले. ती तशी साधी असते. डीएनए मोकळा असेल तर जेलीच्या लादीतून विजेच्या ओढीने सुसाट पुढे पळतो. त्याच्या अंगावर कोणी चिकटून बसलेलं असेल तर तो मागे रेंगाळतो. मिस्त्रींना हे एकदा समजावलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, ‘एवढंच ना? मग मला जेलीत घालून बघायला नको. लग्न झालंय.’

निकाल लागला त्या दिवशी टक्केबाई तळघरात आली. तिने जेलीचा फोटो मशीनवर ठेवला. अकरा रांगा इथेतिथे, आणि नवव्या रांगेत एक जाड काळी पट्टी अगदी वर, मागे, हलायचं नाव न घेणारी.

‘बसला?’

‘बसला,’ ती म्हणाली. ‘काका, किती टक्के ते विचारू नका.’

तेरा नंबरचं काय झालं असतं ते कोणालाच कळलं नाही. त्याची चाचणी झाली नाही, आणि मिस्त्रींना कधी कधी तो आठवतो. न विचारता खोडलेला कोणीही कधी कधी आठवतोच.

शोधनिबंध निघाला तेव्हा त्यात रकाना होता. मिस्त्रींच्या आग्रहाने त्या रकान्यातल्या चार नोंदींवर आडवी रेघ होती आणि खाली तळटीप: ‘हे गोळे आरशात छापले गेले होते.’ सर म्हणाले होते, एवढं लिहायची गरज नाही. मिस्त्री म्हणाले होते, मग नावाचीही नाही. शिवाय त्यात टक्केबाईचा नवा प्रोग्राम होता. त्याला आता प्रत्येक गोळा दोनदा दाखवत, एकदा सरळ, एकदा उलटा, आणि उलट्यालाही हो म्हणाला तर पुन्हा शाळेत पाठवत. भुकटी वापरल्याबद्दल मिस्त्रींना एक लेखी समज मिळाली. ती त्यांनी रकान्याच्याच पानात ठेवली. मशीनवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला होता: ‘आरसा बंद आहे का? नक्की? परत बघा.’

निबंध निघाला त्याच आठवड्यातल्या रविवारी त्यांनी बायकोला पुन्हा खुर्चीवर बसवलं. उजवा पाय स्टुलावर, गाठीसकट. गॅस बंद असल्याची त्यांनी आधी दोनदा खात्री करून घेतली. ते गुडघ्यांवर बसून तिच्या पायाभोवती मोबाईल फिरवू लागले. एक, दोन, तीन.

‘हलू नकोस.’

‘चौतीस वर्षं हललेय का?’ ती म्हणाली. ‘तुम्ही बघितलं नाहीत.’

मिस्त्रींनी त्या गाठीचेच अकरा फोटो काढले.